पट्टीशिवायची भिंत

‘‘ताई, आम्हाला साधं हवंय. अगदी साधं. पण स्वस्तातलं दिसायला नको.’’

सनीव्हेलच्या त्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा घरातली मुलगी मला असं म्हणाली आणि लगेच ओशाळली. चाळिशीतली, मूळची कोथरूडची. ओशाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. एकवीस वर्षं मी कॅलिफोर्नियात सान होजेच्या आसपास लोकांच्या घरांचं आतलं काम करते, आणि आपल्याला काय हवंय हे इतक्या थोडक्यात सांगणारी माणसं मला फार कमी भेटली आहेत.

मी कामाला सुरुवात केली तेव्हा मागणी वेगळी होती. आपल्या लोकांनी आठ-दहा वर्षं भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये काढून पहिलं घर घेतलेलं असायचं. दोन मजले उंच दिवाणखाना, मधोमध झुंबर, चकाकणारं ग्रॅनाइट, जिन्याला पितळी कठडा. सांगली-सोलापूरहून दोन बॅगा घेऊन आलेल्या माणसाला आपण पोचलो हे भिंतीवर लिहावंसं वाटतं, आणि ते मला कधी खोटं वाटलं नाही. आता मागणी उलटी आहे. झुंबर काढा, कठडा काढा, कपाटांच्या मुठी काढा, भिंतीखालच्या पट्ट्या काढा. मासिकं याला ‘क्वाएट लक्झरी’ म्हणतात. मराठीत मला त्याला नेमका शब्द मिळालेला नाही. माझी आजी ‘नेटकं’ म्हणायची, तोच सगळ्यांत जवळचा.

काढायचं म्हटलं की पैसे वाचतील असं सगळ्यांना वाटतं. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथली पट्टीच घ्या. इथल्या घरांच्या भिंती ड्रायवॉलच्या, म्हणजे जिप्समच्या फळ्यांच्या. ती फळी जमिनीला टेकवत नाहीत, ओल चढू नये म्हणून अर्धा इंच वर ठेवतात. ती फट झाकायला पट्टी. जमीन जरा वर-खाली असली, भिंत पोटात किंचित फुगली असली, तरी पट्टी सगळं सांभाळून घेते. ती काढली की कारागिराला लपायला जागा उरत नाही. मग भिंतीच्या पायाशी धातूची बारीक खाच बसवायची, भिंत ओळंब्यात आणायची, खाच या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सुतात ठेवायची. दोन दिवसांचं काम आठवड्यावर जातं. हे मी कागदावर रेघ काढून समजावते. त्या मुलीच्या नवऱ्यानं रेघ पाहिली, आकडा पाहिला आणि विचारलं, ‘‘म्हणजे पट्टी नसण्याचे पैसे द्यायचे?’’ हो, तेच द्यायचे. आणि ते कारागिराच्या हाताला जातात, दुकानाला जात नाहीत, म्हणून मला ते द्यायला लावताना संकोच वाटत नाही.

त्यांनी घेतलेलं घर आइक्लरचं होतं. या भागात राहणाऱ्याला एवढं सांगितलं की पुरतं, पण बाहेरच्या वाचकासाठी सांगते. जोसेफ आइक्लर हा बिल्डर, आर्किटेक्ट नव्हे. १९४०च्या दशकात तो हिल्सबरो गावी फ्रँक लॉइड राइटच्या एका घरात भाड्यानं राहिला आणि त्या घरानं त्याला बदलून टाकलं. असं घर मध्यमवर्गीयाला का मिळू नये, हा प्रश्न त्यानं धंद्यात उतरवला. १९४९ पासून पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्यानं साधारण ११,००० घरं बांधली, बहुतेक सगळी कॅलिफोर्नियात. एकट्या सनीव्हेलमध्ये हजाराहून अधिक आहेत. उतरतं किंवा सपाट छप्पर, उघड्या तुळया, मागची भिंत पूर्ण काचेची, आतल्या भिंतींना लाल-तपकिरी लाकडी फळ्या, आणि काँक्रीटच्या जमिनीच्या पोटात गरम पाण्याच्या नळ्या, म्हणजे थंडीत तळपायाखालची फरशीच उबदार. रस्त्याकडून पाहिलं तर जवळपास काहीच नाही, एक बंद भिंत आणि एक दार. जे काही आहे ते आत.

आणखी एक गोष्ट मी आपल्या लोकांना आवर्जून सांगते. त्या काळी इथल्या नव्या वस्त्यांमध्ये काळ्या आणि आशियाई माणसांना घर विकायचं नाही असा सरसकट रिवाज होता. आइक्लरनं तो पाळला नाही. पैसे भरेल त्याला घर दिलं. बिल्डरांची राष्ट्रीय संघटना भेदभावाविरुद्ध उभी राहीना, तेव्हा १९५८ साली त्यानं तिचा राजीनामा दिला. मध्यमवर्गासाठी बांधलेलं तेच घर आज वीस लाख डॉलरच्या वर जातं, ही वेगळीच गोष्ट. पण त्या घरात आज मराठी बोललं जातं, त्याची थोडी पूर्वपीठिका त्या राजीनाम्यात आहे असं मी मानते.

मुलीच्या सासूबाई तेव्हा कऱ्हाडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. दारातून आत शिरलं की आइक्लरच्या अनेक घरांत आधी आकाश लागतं. घराच्या मधोमध उघडी जागा, चारी बाजूंनी खोल्या. इथे त्याला एट्रियम म्हणतात. सासूबाई, म्हणजे घरातल्या आजी, तिथे थांबल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हा तर चौक आहे.’’ मी वाईच्या वाड्यात वाढलेली, आणि तरीही इतक्या आइक्लर घरांत काम करून हे मला स्वतःहून सुचलं नव्हतं. मी त्या जागेसाठी काळ्या खड्यांची बाग आणि एक जपानी मेपल काढून आणला होता. त्यातला मेपल ठेवला, खडे गेले आणि मधे तुळस आली. वृंदावन नाही, नुसता काँक्रीटचा चौकोनी कट्टा, बसता येईल एवढ्या उंचीचा. संध्याकाळी दिवा लावून आजी त्यावरच बसायच्या.

काचेच्या भिंतीमुळे या घरांत उन्हं दुपारनंतर अगदी तिरपी आत येतात आणि भिंतीवरून सरपटत जातात. सपाट दिसणारी भिंत अशा उजेडात सगळं सांगून टाकते. ड्रायवॉलच्या कामाच्या इथे शून्य ते पाच अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. बहुतेक घरं चौथीवर थांबतात, म्हणजे सांधे आणि स्क्रूच्या जागा भरून घासलेल्या. पाचव्या पायरीला सगळ्या भिंतीवरून लुकणाचा पातळ हात फिरवतात, म्हणजे कागद आणि लुकण रंग वेगवेगळा पीत नाहीत. हे काम करणारा माझा माणूस भिंतीला गाल लावल्यासारखा उभा राहतो, हातातला दिवा भिंतीला समांतर धरतो आणि सावल्या शोधतो. एक सावली दिसली की पेन्सिलीनं गोल. त्या घराच्या एका भिंतीवर मी असे छत्तीस गोल मोजले. तिसऱ्या दिवशी एकही नव्हता. पाहुणे येतात, त्या भिंतीसमोर बसून चहा पितात आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. मला तेवढं पुरतं.

दिव्यांच्या बाबतीत माझी एक सवय आहे. नमुन्याचे दिवे आले की मी त्यांच्याखाली तीन गोष्टी मांडते : वाटीत हळद, वाटीत कुंकू आणि माझ्या लग्नातल्या पैठणीचा पदर. दिव्याचा रंग किती पिवळा हे केल्विनमध्ये मोजतात, घराला मी २७०० च्या वर जात नाही. पण त्या उजेडात रंग किती खरे दिसतात हा वेगळा अंक असतो, आणि त्यातही लाल रंगाचा स्वतंत्र अंक. कॅलिफोर्नियाचा ऊर्जा-नियम घरातल्या दिव्यांना यात शंभरापैकी ९० तरी मागतो, ते चांगलंच आहे. तरीही मी आकड्यावर थांबत नाही. कुंकू विटकरी दिसलं की तो दिवा परत.

स्वयंपाकघरावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. आइक्लर घरातलं स्वयंपाकघर बैठकीला लागून, उघडं. मुलीला ते तसंच हवं होतं, आजींना दार हवं होतं. ‘‘फोडणी कुठे द्यायची? सोफ्यावर?’’ त्यांचा प्रश्न खरा होता. साध्या, फिक्या, तागाच्या कापडाच्या घरात लसणीच्या फोडणीचा वास एकदा मुरला की महिनाभर जात नाही. धूर ओढणारा पंखा मोठा बसवायचा तर अनेक ठिकाणचा नियम असा, की मिनिटाला ४०० घनफुटांपेक्षा जास्त हवा बाहेर टाकत असाल तर तेवढी ताजी हवा आत येण्याची सोय करा. नाहीतर बंद घरात पंखा हवा कुठून तरी ओढणारच, आणि कधी कधी ती गॅसच्या गीझरच्या धुराड्यातून उलटी ओढतो, विषारी वायूसकट. शिवाय या घरांना माळा नाही. फळ्यांच्या वर थेट छप्पर, त्यामुळे नळकांडं लपवायला जागा नाही. आम्ही ते सरळ वर नेलं आणि लपवलं नाही, तुळईच्याच रंगात रंगवलं. घर ताब्यात देण्याआधी मी तिथे स्वतः फोडणी दिली, मोहरी, हिंग, सुक्या मिरच्या, आणि शेवटच्या खोलीत जाऊन उभी राहिले. ही परीक्षा मी प्रत्येक घरात घेते. ज्या घरात फोडणी देता येत नाही ते मराठी घर मी पूर्ण झालं असं म्हणत नाही, मग ते कितीही नेटकं असो.

आजींनी आणलेली पितळी भांडी हा दुसरा विषय. मुलीला ती गराजमध्ये ठेवायची होती, ‘‘नव्या घराला ती जाणार नाहीत.’’ तिला मी चार्ल्स आणि रे ईम्सची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या आधुनिक फर्निचरचं हे सगळ्यांत मोठं जोडपं. भारत सरकारच्या बोलावण्यावरून ते भारतात हिंडले आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था त्यातूनच पुढे उभी राहिली. भारतात पाहिलेल्या आणि आवडलेल्या वस्तूंमध्ये त्यांनी पहिला मान दिला तो साध्या लोट्याला. डोक्यावर कसा बसेल, कमरेवर कसा टेकेल, ओतताना तोल कसा राहील, रिकामा असताना काय, भरलेला असताना काय, असे कितीतरी प्रश्न त्यांनी त्या एका भांड्यापुढे मांडले. पॅसिफिक पॅलिसेड्समधलं त्यांचं स्वतःचं घर पोलाद आणि काचेचं, १९४९ सालचं, पण आतून देशोदेशीच्या बाहुल्या, टोपल्या, खेळणी यांनी भरलेलं. आधुनिक घर रिकामंच असावं लागतं ही समजूत त्या घरात टिकत नाही. शेवटी एक घंगाळ आणि दोन तांबे बैठकीत आले, बाकीची भांडी स्वयंपाकघरात, रोजच्या वापरात.

आता ओट्याबद्दल. हे लिहायला बसले ते खरं तर त्यासाठीच.

लहानपणी आमच्या घरी ओटा कडाप्पाचा होता. काळा, थंड, कडेला झिजून गुळगुळीत झालेला. दिवाळीच्या आधी आई त्यावर खोबरेल तेलाचं फडकं फिरवायची, मग तो पुन्हा काळाभोर. इथे आल्यावर मी ज्या ओट्याची शेकडो चौरस फुटं विकली तो याच्या बरोबर उलट : पांढराशुभ्र, एकसारखा, शिरा नसलेला किंवा पुसटशी करडी शीर असलेला, कृत्रिम क्वार्ट्झचा. दळलेली गारगोटी आणि तिला बांधून ठेवणारं रेझिन. साध्या, उजळ घराचा तो चेहराच झाला होता. पाणी पीत नाही, हळद पटकन पुसली तर डाग धरत नाही, आणि दोन तुकडे जोडले तरी सांधा दिसत नाही. न दिसणारा सांधा ही तर माझी ओळख होती. लोक मला त्यासाठी बोलवायचे.

तो सांधा घालणारा माणूस मेक्सिकोतल्या ओआहाकाचा. नऊ वर्षं माझ्या कामांवर दगड कापत आणि बसवत होता. मला सेन्योरा म्हणायचा. कापायचं बहुतेक काम कारखान्यात, पण सिंकचं भोक, नळाचं भोक, शेवटचा पाव इंच हे घरातच, अंगणात, हातातल्या ग्राइंडरनं, कोरडं. पांढऱ्या धुळीचा ढग उठायचा. त्याच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि मी गाडीतून पाण्याची बाटली आणून द्यायचे. एवढंच करायचे. ती धूळ काय आहे हे मी विचारलं नाही. दगडाची धूळ, दुसरं काय, असं मी धरून चालले होते. शिकलेली मी होते, नमुन्यांची माहितीपत्रकं माझ्या कपाटात होती, विचारणं माझं काम होतं.

ग्रॅनाइटमध्ये स्फटिकरूप सिलिका सहसा ४५ टक्क्यांच्या आत असते, संगमरवरात त्याहून फार कमी. या कृत्रिम दगडात ती ९० टक्क्यांच्या वर असू शकते. कोरडं कापलं की तिची इतकी बारीक पूड होते, की ती डोळ्यांना दिसणाऱ्या ढगापलीकडे हवेत तरंगत राहते, फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे व्रण पाडते. तो रोग सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. फार वाढला तर फुप्फुस बदलायचं, तेही मिळालं तर. २०२३ साली कॅलिफोर्नियातल्या ५२ आजारी कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग कळला तेव्हाचं त्यांचं मधलं वय ४५. जवळजवळ सगळे लॅटिन अमेरिकेतून आलेले. दहा जण वारलेले होते.

तो कामावर यायचा बंद झाला तेव्हा दुकानानं मला दुसरा माणूस दिला, आणि दोन महिने मी चौकशीही केली नाही. कळलं तेव्हा भेटायला गेले. खुर्चीत बसलेला, नाकात प्राणवायूची नळी, बायको शेजारी. माझ्याहून बारा वर्षांनी लहान. थोडं बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. मला वाटलं होतं तो रागावेल. त्यानं विचारलं, ‘‘सेन्योरा, फ्रीमाँटच्या त्या ओट्याचा सांधा अजून दिसत नाही ना?’’

नाही दिसत, म्हणाले.

घरी येऊन मी जुन्या फायली काढल्या आणि तो दगड किती घरांत बसवला ते मोजलं. एक्केचाळीस घरं.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. मंदसौरला पाटीवरची पेन्सिल बनवणारे कामगार त्याला बळी पडत आले, खंबायतला अकीक घासणारे पडत आले. ज्या पेन्सिलीनं मी श्री गिरवला तिची धूळ कुणाच्या तरी छातीत गेली असेल, हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. इथे कॅलिफोर्निया राज्यानं २०२३च्या डिसेंबरात तातडीचे नियम आणले : हा दगड कोरडा कापायला बंदी, पाण्याखालीच कापायचा, आणि नुसत्या पाण्यानं भागत नाही म्हणून कापणाऱ्याला स्वच्छ हवा पुरवणारा मास्क. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून हा दगड वापरायलाच मनाई केली. मला ऑस्ट्रेलियाचं पटतं. नियम कागदावर असतो, आणि अंगणात ग्राइंडर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घाई असते, कारण गिऱ्हाइकाला घाई असते, कारण डिझायनरला घाई असते. त्या साखळीत मी होते.

सनीव्हेलच्या मुलीलाही पांढरा क्वार्ट्झच हवा होता. मी तिला हे सगळं सांगितलं, जसं आता लिहिलं तसंच, आणि म्हणाले की मी तो लावणार नाही, हवं तर दुसरी डिझायनर शोधून देते. असं म्हटल्यामुळे माझी दोन कामं गेली आहेत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग आजींनीच विचारलं, ‘‘काळा चालतो का गं तुला?’’

आम्ही सोपस्टोन घेतला. आपण शंखजिरं म्हणतो त्याच जातीचा मऊ, करडा दगड. बराचसा ब्राझीलहून येतो, थोडा व्हर्जिनियातही निघतो. इथल्या जुन्या रसायनशाळांची टेबलं याचीच असत, कारण आम्लानं तो बिघडत नाही. म्हणजे लिंबू, चिंच, कोकम, कशाचीच भीती नाही. गरम कढई थेट ठेवावी. ओरखडे मात्र पडतात, आणि ते पडू द्यायचे हे मी आधीच लिहून घेते. धूळ त्याचीही होतेच, म्हणून तोही पाण्याखालीच कापून घेतला, सिंकचं आणि नळाचं भोकसुद्धा कारखान्यातच पाडलं. मी त्या दिवशी तिथे उभी होते. घरी बसवताना एका जागी पाव इंच जास्त निघालं. अंगणात ग्राइंडर काढू दिला नाही, दगड परत नेला. तीन दिवस लांबलं. सांधा दिसतो, बारीक रेघेसारखा. राहू दे म्हटलं.

बसवल्यावर दगड फिका, राखेच्या रंगाचा असतो. तेल लावलं की काळा होत जातो. तेल खनिज लावायचं, म्हणून बाटली देऊन आले होते. आठवड्यानं गेले तेव्हा आजी ओट्यावर फडकं फिरवत होत्या, आईसारखंच, कोपरापासून हात सरळ ठेवून. मी काही बोलले नाही. थोडा वेळ बघत उभी राहिले.

आता माझ्या करारात एक ओळ असते की दगड कुठे आणि कसा कापला जातो ते मी स्वतः जाऊन बघेन. पुण्यात, ठाण्यातही हाच पांढरा ओटा आता दुकानादुकानांत आहे, म्हणून हे मराठीत लिहिलं. घर नवं करायला घ्याल तेव्हा दुकानदाराला भावाआधी हे विचारा : दगड ओला कापता की कोरडा? मग समोरचे नमुने सोडून मागच्या बाजूला जा. पात्यावर पाणी पडतंय का बघा, कापणाऱ्याच्या तोंडाला फडकं आहे की खरा मास्क ते बघा. आणि घरात, अंगणात, गॅलरीत कुणालाही तो दगड कोरडा कापू देऊ नका, पाव इंच असला तरी.